कृषिदूताने पेरणीपूर्वी गावात यावे

कृषी महाविद्यालयातील चौथ्या वर्षाचा विद्यार्थी ज्या दिवशी गावात राहावयास जातो, त्या दिवशी त्याच्या शिक्षणात एक मोठा पालट घडतो. तीन वर्षे तो ऐकणारा होता; आता त्याने सांगावयाचे असते. तीन वर्षे त्याच्या उत्तरपत्रिका दुसऱ्याने तपासल्या. आता त्याने सांगितलेली गोष्ट खरी की खोटी, हे शेतातील पीक तपासणार असते. अध्यापक महाविद्यालयातील छात्राध्यापकाला पहिला पाठ घेताना जी धास्ती वाटते, तीच या विद्यार्थ्यालाही वाटते. फरक एवढाच की, त्याच्या वर्गातील विद्यार्थी त्याच्या वडिलांच्या वयाचे असतात आणि विषय त्यांना त्याच्याहून चाळीस वर्षे अधिक परिचित असतो.

या उपक्रमाचे नाव ग्रामीण कृषी कार्यानुभव. विद्यार्थी त्याला ‘रावे’ म्हणतात, आणि गावात आलेल्या मुलामुलींना कृषिदूत व कृषिकन्या या नावांनी ओळखले जाते. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या रंधावा समितीने १९९२ साली या कार्यानुभवाची शिफारस केली. पुढे २०१५ साली ‘स्टुडंट रेडी’ या व्यापक योजनेत त्याचा समावेश झाला. पाचव्या अधिष्ठाता समितीने आखलेल्या अभ्यासक्रमात या कार्यानुभवासाठी २० आठवडे दिलेले होते. त्यांपैकी ८ आठवडे प्रत्यक्ष गावासाठी, ५ आठवडे कृषी विज्ञान केंद्र, संशोधन केंद्र किंवा तत्सम विभागासाठी, २ आठवडे पीक चिकित्सालयासाठी, ३ आठवडे कृषी उद्योगासाठी आणि आरंभीचा व अखेरचा प्रत्येकी एक आठवडा तयारी व मूल्यमापन यांसाठी, अशी ती विभागणी होती. आखणी विचारपूर्वक केलेली होती, यात शंका नाही. प्रश्न आठवड्यांच्या संख्येचा नाही. ते आठवडे हंगामाच्या कोणत्या टप्प्यावर येतात, हा खरा प्रश्न आहे. आणि विद्यार्थ्याचे पहिले अनुभव गोड होतात की कडू, हे बव्हंशी त्यावरच अवलंबून असते.

पहिले आठ दिवस

गावात पाऊल टाकताच विद्यार्थ्याला ‘साहेब’ किंवा ‘मॅडम’ अशी हाक ऐकू येते. वीस-एकवीस वर्षांच्या मुलाला ही हाक सुखावते. पण तिच्या पाठोपाठ जे प्रश्न येतात त्यांनी तो गोंधळून जातो. मागील वर्षीचा पीक विमा कधी मिळणार? ठिबकच्या अनुदानाचा अर्ज कोठे अडला? अतिवृष्टीचा पंचनामा झाला, यादीत नाव का नाही? यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर पाठ्यपुस्तकात नसते. गावाने त्याला सरकारी माणूस मानलेले असते, आणि तो तर अजून पदवीधरही झालेला नसतो.

येथेच त्याच्या शिक्षकपणाची पहिली परीक्षा होते. काही विद्यार्थी अंदाजाने उत्तर देतात आणि चार दिवसांत विश्वास गमावून बसतात. काही जण ‘हा आमचा विषय नाही’ असे म्हणून मोकळे होतात. त्यांना पुढे कोणी प्रश्नच विचारीत नाही. जो म्हणतो, ‘काका, हे मला ठाऊक नाही, कृषी कार्यालयात विचारून उद्या सांगतो,’ आणि दुसऱ्या दिवशी खरोखरच येऊन सांगतो, त्याच्याभोवती हळूहळू माणसे जमू लागतात. अज्ञान मान्य करण्याने शिक्षकाची प्रतिष्ठा कमी होत नाही. शब्द देऊन न पाळण्याने मात्र ती निश्चित जाते.

दुसरी अडचण भाषेची. पदवीचे शिक्षण इंग्रजीतून होते; शेतकऱ्याशी बोलावयाचे असते मराठीतून, आणि तेही त्या त्या भागातील मराठीतून. पश्चिम महाराष्ट्रात ज्याला कोळपणी म्हणतात तिला विदर्भात डवरणी म्हणतात. एका भागातील पाभर दुसऱ्या भागात तिफण होते. जमिनीतील ओलाव्याची टक्केवारी विद्यार्थ्याला तोंडपाठ असते. परंतु शेतकरी मूठभर माती दाबून पाहतो, गोळा फुटतो कसा हे बघतो आणि ‘अजून वाफसा नाही’ असे सांगून औत परत नेतो. त्या मुठीत असलेले ज्ञान आपल्या पुस्तकातील ज्ञानाशी कसे जुळते, हे ज्या विद्यार्थ्याला उमगले, तो त्या दिवसापासून शिकवण्यास पात्र झाला असे समजावे. त्यासाठी आधी शेतकऱ्याच्या मागे मुकाट्याने चालावे लागते.

वरातीमागून घोडे

या दोन्ही अडचणी विद्यार्थी आपल्या बुद्धीने व स्वभावाने पार करू शकतो. तिसरी अडचण मात्र त्याच्या हाती नसते. महाविद्यालयाचे सत्र परीक्षांच्या वेळापत्रकाने ठरते. खरीप हंगाम पावसाने ठरतो. सत्र सुरू होऊन, गावे ठरून, राहण्याची सोय होऊन विद्यार्थी गावात पोहोचेपर्यंत अनेकदा पेरण्या आटोपलेल्या असतात. त्याच्या नोंदवहीत मात्र प्रात्यक्षिकांची यादी छापील असते: बीजप्रक्रिया, उगवणक्षमता चाचणी, माती नमुना, निंबोळी अर्क, चारा प्रक्रिया. यादी पूर्ण केल्याशिवाय गुण नाहीत.

मग असे घडते की, सोयाबीन वीतभर वाढलेले असताना ग्रामपंचायतीच्या ओसरीवर बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक होते. बियाणे दुकानातून पावशेर आणलेले असते. प्रथम बुरशीनाशक, नंतर कीटकनाशक आणि सर्वांत शेवटी जिवाणू खत, हा क्रम विद्यार्थी बिनचूक सांगतो. जमलेले शेतकरी सौजन्याने ऐकून घेतात, आणि एखादा वृद्ध न राहवून म्हणतो, ‘पोरा, सांगतोस ते खरं आहे; पण पंधरा दिवस आधी आला असतास तर माझ्या बियाण्याला हात लागला असता.’ या वाक्यात राग नसतो. परंतु विद्यार्थ्याच्या मनात ते घर करून राहते, कारण आपण शिकवले पण कोणाचे काहीच बदलले नाही, हे त्याला तत्क्षणी समजलेले असते.

इतर प्रात्यक्षिकांचीही तीच गत. मातीचा नमुना पीक निघाल्यावर, रिकाम्या रानातून, खते देण्यापूर्वी घ्यावयाचा असतो. उभ्या पिकात खत पडल्यावर घेतलेला नमुना जमिनीचे खरे स्वरूप सांगत नाही. पाच टक्के निंबोळी अर्कासाठी ५ किलो कुटलेली निंबोळी रात्रभर पाण्यात भिजवून, गाळून, एकूण द्रावण १०० लिटर करावे लागते. परंतु निंबोळ्या झाडाखाली पडतात त्या मेअखेरीस व जूनमध्ये. तेव्हा त्या वेचून वाळवून ठेवा, असे सांगावयास कोणी नसते. ऑगस्टमध्ये अर्काची कृती सांगावयास मात्र विद्यार्थी असतो.

सोयाबीनच्या उगवणचाचणीचे उदाहरण तर अधिकच बोलके आहे. हे स्वपरागसिंचित पीक असल्याने घरचे निवडक बियाणे वापरता येते. पण त्याचे कवच नाजूक असल्याने उगवण तपासल्यावाचून पेरणे धोक्याचे असते. चाचणीला खर्च काहीच नाही. ओल्या गोणपाटावर दहा-दहांच्या दहा ओळींत १०० दाणे मांडावेत, गोणपाट गुंडाळून सावलीत ओले ठेवावे आणि सहा-सात दिवसांनी चांगले उगवलेले दाणे मोजावेत. ७० उगवले तर एकरी ३० किलो बियाणे पुरते. त्याखाली प्रत्येक टक्क्यास एकरी अर्धा किलो बियाणे वाढवावे, म्हणजे ६५ उगवल्यास साडेबत्तीस किलो. आणि साठाहूनही कमी उगवल्यास ते बियाणे पेरूच नये. मे महिन्याच्या अखेरीस हे प्रात्यक्षिक झाले, तर दुबार पेरणीचे संकट एखाद्या घरावरून टळू शकते. तेच जुलैअखेरीस झाले, तर ते केवळ गुणपत्रिकेतील एका रकान्याचे धनी होते.

आठवडे तेच, मांडणी वेगळी

यावर उपाय आहे आणि त्यासाठी एकही आठवडा वाढविण्याची आवश्यकता नाही. गावासाठी दिलेले आठ आठवडे सलग न ठेवता पिकाच्या अवस्थांप्रमाणे वाटावेत. पहिला आठवडा मेच्या अखेरीस असावा. त्यात उगवणचाचणी, माती नमुने आणि निंबोळी संकलन ही कामे व्हावीत. दुसरा आठवडा पेरणीच्या वेळी असावा. त्यात ज्या बियाण्याची चाचणी झाली त्याच बियाण्यावर, त्याच शेतकऱ्याच्या हातून बीजप्रक्रिया व्हावी. पुढील चार आठवडे जुलै ते सप्टेंबर या काळात पिकाची वाढ, तण, कीड व रोग यांच्या निरीक्षणास द्यावेत. शेवटचे दोन आठवडे काढणीच्या वेळी यावेत, म्हणजे उत्पन्नाचे माप आणि खर्चाचा हिशेब दोन्ही विद्यार्थ्याच्या समक्ष होतील. मधल्या काळात कृषी विज्ञान केंद्र, पीक चिकित्सालय व उद्योग यांतील आठवडे बसविता येतात. किंबहुना, शेतात दिसलेली कीड घेऊन विद्यार्थी चिकित्सालयात गेला, तर तेथील शिक्षणही अधिक सार्थ होईल.

या मांडणीचा मोठा लाभ असा की, विद्यार्थी एकाच शेताचा आरंभ व शेवट पाहील. आज पुष्कळसे कृषिदूत पिकाचा मधला तुकडा तेवढा पाहून परततात. ज्याने पेरणी पाहिली नाही आणि काढणीही पाहिली नाही, त्याने पिकाविषयी सल्ला द्यावा, हे त्या विद्यार्थ्यावरही अन्यायकारक आहे.

थोडी प्रात्यक्षिके, पण पुरी

प्रात्यक्षिकांची संख्या हा दुसरा विचारणीय मुद्दा होय. विस्तारशास्त्रात पद्धती प्रात्यक्षिक आणि परिणाम प्रात्यक्षिक असा भेद केला जातो. पहिल्यात एखादी गोष्ट कशी करावी हे दाखविले जाते. दुसऱ्यात ती केल्याने काय झाले हे दिसते. घाईच्या वास्तव्यात पहिला प्रकार कसाबसा उरकतो आणि दुसरा राहूनच जातो. चारा प्रक्रियेत १०० किलो वाळलेल्या कडब्यावर किंवा काडावर ४ किलो युरिया सुमारे ५० लिटर पाण्यात विरघळवून सारखा शिंपडतात आणि ढीग हवाबंद करून २१ दिवस झाकून ठेवतात. छायाचित्र पहिल्या दिवशीच निघते. पण शेतकऱ्याची शंका असते ती बाविसाव्या दिवशीची: झाकण उघडल्यावर हा उग्र वास कशाचा, चारा किती वेळ हवेवर पसरून ठेवावा, गाय तो खाईल का, सहा महिन्यांखालील वासराला का देऊ नये? त्या दिवशी विद्यार्थी तेथे नसेल, तर शेतकरी ढीग उकिरड्यावर टाकून देण्याचा संभव अधिक. आणि त्यानंतर त्या गावात चारा प्रक्रियेचे नाव काढणेही कठीण होते.

याउलट कापूस पट्ट्यातील एखाद्या विद्यार्थ्याने केवळ एकच काम हाती घेतले, तरी ते पुरेसे होईल. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रातील कापूस उत्पादकांची जी हानी केली, तिची आठवण गावागावांत ताजी आहे. हेक्टरी ५ कामगंध सापळे लावावेत; रोज सकाळी शेतकऱ्यासह पतंग मोजावेत; सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात सरासरी ८ पतंग आढळले, तर नियंत्रणाचे उपाय योजावेत. त्याचबरोबर शेतातील २० हिरवी बोंडे फोडून पाहावीत. दोहोंत अळी किंवा प्रादुर्भाव दिसला, तर नुकसानीची पातळी १० टक्के झाली असे समजावे. प्रथम विद्यार्थी मोजतो, नंतर दोघे मिळून मोजतात, आणि काही दिवसांनी शेतकरी स्वतःच मोजून आकडा सांगतो. ज्या दिवशी असे घडते, त्या दिवशी शिकविणे पूर्ण झाले.

हे तत्त्व नवे नाही. अमेरिकेतील टेक्सास राज्यात कपाशीवरील बोंड-सोंड्याने शेतकरी हवालदिल झाले असता, सीमन नॅप यांनी १९०३ साली टेरेल येथे जे प्रसिद्ध प्रात्यक्षिक घडवून आणले, ते सरकारी प्रक्षेत्रावर नव्हते. ते वॉल्टर पोर्टर या शेतकऱ्याच्या स्वतःच्या जमिनीवर, त्याच्याच हातून झाले. आणि नुकसान झाल्यास ते भरून देण्यासाठी स्थानिक लोकांनी निधी उभारून ठेवला होता. आपल्याकडेही शिकविण्याआधी गाव समजून घेण्याची थोर परंपरा आहे. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मॅन यांनी पिंपळे सौदागर या गावाचा घरोघर व शेतोशेत अभ्यास करून तो १९१७ साली प्रसिद्ध केला. १५६ खातेदारांची जमीन ७२९ तुकड्यांत विखुरली असल्याचे त्यांनी दाखवून दिले. एवढ्या तुकड्यांत औत फिरविणाऱ्या शेतकऱ्याला कोणते अवजार परवडेल आणि कोणते नाही, हे प्रयोगशाळेत बसून कळले नसते. पिंपळे सौदागर आज पिंपरी-चिंचवड शहरात सामावून गेले आहे. तेथे शेतोशेत फिरून शिकण्याची ती रीत मात्र प्रत्येक कृषिदूताने आपल्या गावात नेण्याजोगी आहे.

घरातील शेतकरी

आणखी एका गोष्टीकडे दुर्लक्ष होते. प्रात्यक्षिक चावडीवर किंवा शाळेच्या पटांगणात ठेवले, की तेथे मुख्यतः पुरुष येतात. परंतु बियाणे निवडणे, वाळविणे व साठविणे, निंदणी, कापूस वेचणी, गुराढोरांचे वैरणपाणी ही कामे बहुतांशी स्त्रियांच्या हाती असतात. घरच्या बियाण्याची उगवणचाचणी कणगीपाशी शिकवावयाची की चावडीपाशी, याचे उत्तर स्पष्ट आहे. या कामी कृषिकन्यांना जे साध्य होईल, ते भल्याभल्या अधिकाऱ्यांनाही साधणार नाही. मावशी, आजी म्हणत ज्या मुलीने चार घरांच्या स्वयंपाकघरात बसून गोणपाटावर दाणे मांडले, तिचा धडा त्या घरांत दरवर्षी गिरविला जाण्याची शक्यता मोठी आहे.

मूल्यमापन कशाचे?

या साऱ्याचा शेवट मूल्यमापनात होतो. विद्यार्थी तेच करतो ज्याला गुण मिळतात. छायाचित्रे, फलक, वर्तमानपत्रातील कात्रणे आणि सुबक नोंदवही यांना गुण मिळत असतील, तर विद्यार्थी त्यांच्याच मागे लागेल आणि त्याबद्दल त्याला दोष देता येणार नाही. त्याऐवजी अध्यापकांनी काढणीच्या सुमारास गावात जाऊन शेतकऱ्याला एकच प्रश्न विचारावा: ‘या मुलाने सांगितलेले तुम्ही पुन्हा स्वतः केले का?’ उत्तर ‘होय’ असेल तर गुण द्यावेत. उत्तर ‘नाही’ असेल, तर का केले नाही, हे विद्यार्थ्याने प्रामाणिकपणे लिहावे. मजूर मिळाला नाही, पैसा नव्हता, पाऊस थांबला नाही, किंवा शिफारसच त्या जमिनीला लागू नव्हती. असे प्रामाणिक टिपणही पूर्ण गुणांस पात्र ठरावे. संशोधन केंद्रांना अशा टिपणांचा जो उपयोग होईल, तो शंभर छायाचित्रांचा होणार नाही.

या सूचनांवर आक्षेप येतील, आणि ते सर्वच पोकळ नाहीत. विद्यार्थ्यांची संख्या मोठी आहे, अध्यापक मोजके आहेत. मे महिन्यात सुट्टी व परीक्षा असतात. वारंवार जाण्यायेण्याचा खर्च वाढतो. मुलींच्या राहण्याची सुरक्षित व्यवस्था प्रत्येक वेळी करणे सोपे नसते. परंतु गट व गाव तेच ठेवल्यास निवासाची व्यवस्था एकदाच ठरवावी लागते. महाविद्यालयाच्या जवळची गावे निवडल्यास प्रवासखर्च आटोक्यात राहतो. मेमधील आठवडा अगदीच अशक्य असेल, तर निदान पेरणीचा आठवडा चुकवू नये. पावसाची तारीख ठरविता येत नाही म्हणून सत्राच्या आरंभी दोन आठवडे लवचिक ठेवावेत. महाराष्ट्रातील चारही कृषी विद्यापीठांचे विभाग भिन्न आहेत. कोकणातील भाताची रोपवाटिका आणि विदर्भातील कपाशीची लावण एकाच तारखेस बांधता येत नाहीत. म्हणून वेळापत्रक प्रत्येक विद्यापीठाने आपल्या पीकपद्धतीनुसार आखावे, हेच अधिक सयुक्तिक होय.

शेतकरी बंधुभगिनींचेही या कामी काही कर्तव्य आहे. गावात आलेला कृषिदूत हा साहेब नव्हे. तो शिकाऊ शिक्षक आहे. त्याच्याकडून अनुदानाची अपेक्षा न धरता त्याला आपल्या शेतातील दोन गुंठे प्रयोगासाठी द्यावेत. त्याचे चुकत असेल तेथे हसू नये, सांगावे. सांगितलेले पटत नसेल तर मान डोलवून सोडून देऊ नये, कारण विचारावे. उद्या हाच मुलगा कृषी अधिकारी, संशोधक, बियाणे कंपनीचा प्रतिनिधी किंवा स्वतःच शेतकरी होणार आहे. शेतकऱ्याचा प्रश्न ऐकून घेण्याची सवय त्याला या पहिल्या हंगामात लागली नाही, तर पुढे ती लागणे कठीण.

यंदा ज्या गावांत कृषिदूत येणार असतील, तेथील ग्रामपंचायतींनी महाविद्यालयाला आताच कळवावे की, मुले मृगाच्या आधी पाठवा. गोणपाट आणि शंभर दाणे तयार ठेवतो.